जेवणाच्या टेबलावरची शाळा

शब्दांच्या जन्मकुंडल्या पाहत बसणे हा मराठीच्या प्राध्यापकांचा जुना रोग आहे आणि तो मलाही जडलेला आहे. इंग्रजीतल्या 'स्कूल' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत सापडते आणि तिथला त्याचा अर्थ आहे फुरसत! आपली 'शाळा' संस्कृतातल्या 'शाले'वरून आली. शाला म्हणजे घर, घरातले दालन. धर्मशाळा, गोशाळा, पाकशाळा या साऱ्या त्याच घराण्यातल्या. म्हणजे साहेबाच्या शाळेचे गोत्र फुरसत आणि आपल्या शाळेचे गोत्र घर. आता सकाळी साडेसहाला अर्धवट झोपेतल्या पोराच्या पाठीवर दप्तर चढवून त्याला रिक्षावाल्या काकांच्या हवाली करणाऱ्या कुठल्याही आईला विचारा, की बाई ग, यात घर कुठे आहे आणि फुरसत कुठे आहे? ती तुम्हाला उत्तर देणार नाही. तिला तेवढी फुरसत नसते.

घर आणि फुरसत या दोन हरवलेल्या गोष्टी मला एकाच जागी भेटल्या त्या सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका लहानशा गावी. माझी धाकटी बहीण तिथे राहते. कॉलेजच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दीड महिना तिच्याकडे जाऊन राहिले होते. तिच्या शेजारच्या घरात सहा ते तेरा वर्षांची चार मुले होती. कुटुंब प्रोटेस्टंट ख्रिस्ती, आणि नुसते नावापुरते नव्हे. जेवणापूर्वी प्रार्थना, रात्री बायबलचे वाचन, रविवारी सगळ्यांनी मिळून चर्च, असा नेम. आपल्याकडच्या एखाद्या वारकरी घरात असावे तसे वातावरण. त्या चार मुलांपैकी एकही शाळेत जात नव्हते. आईच त्यांना घरी शिकवत होती. बहिणीने हे सांगितले तेव्हा मास्तरकीच्या जातीला जागून माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "अगं, मग परीक्षेचं काय?"

हा प्रकार तिथे काही आडवाटेचा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९६३ साली सरकारी शाळांनी घडवून आणलेली प्रार्थना व बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले. निकाल सर्वधर्मीयांच्या दृष्टीने न्यायाचा होता. पण पुष्कळ श्रद्धाळू आईबापांना वाटले, की शाळेतून आपला देव हद्दपार झाला, आता आपली मुलेही जातील. पुढे १९७२ साली आमिश नावाच्या एका ख्रिस्ती पंथाच्या पालकांना, आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मोकळीक याच न्यायालयाने दिली. त्याच सुमारास शाळेवर दुसऱ्याच बाजूने हल्ला चढला होता. जॉन होल्ट नावाच्या एका शिक्षकाने १९६४ साली 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे पुस्तक लिहून सांगितले, की मुले शाळेत शिकतात ती मुख्यतः शिक्षकाला खूश कसे करावे एवढेच. होल्टला धर्माशी काही कर्तव्य नव्हते. रेमंड आणि डोरोथी मूर हे जोडपे मात्र श्रद्धाळू ख्रिस्ती. कोवळ्या मुलांना पुस्तकाला जुंपण्याची घाई करू नका, असे ते १९७५ पासून पुस्तकांतून सांगू लागले.

आरंभी अशा आईबापांना अनेक राज्यांत कोर्टाची पायरी चढावी लागली. १९९३ पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर झाले. सरकारी पाहणीप्रमाणे १९९९ साली तिथे सुमारे साडेआठ लाख मुले घरी शिकत होती. २०१२ साली ती अठरा लाखांच्या घरात गेली. ही सारीच ख्रिस्ती नव्हेत, सारीच श्रद्धेपायी घरी बसलेली नव्हेत. पण या चळवळीच्या कुळाकडे पाहिले, की तिच्या दोन आज्या स्पष्ट दिसतात. एकीचे नाव भीती आणि दुसरीचे नाव गोडी. जग आपल्या लेकराला बिघडवील ही भीती, आणि लेकराला शिकण्याची जी उपजत गोडी असते ती शाळेत आटू नये ही इच्छा. दोघी एकाच घरात नांदतात. त्यांच्यात स्वयंपाकघराच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत, यावर त्या घरातल्या मुलांचे सारे भवितव्य ठरते. मी त्या दीड महिन्यात जे पाहिले आणि नंतर जे वाचले, त्याचे सार एवढेच आहे.

माझ्या परीक्षेच्या प्रश्नाचे उत्तर शेजारणीने हसून दिले. पेनसिल्व्हेनियाचा १९८८ सालचा कायदा म्हणे फार चिकित्सक. वर्षाचे एकशे ऐंशी दिवस शिकवलेच पाहिजे, काय काय वाचले त्याची नोंद ठेवली पाहिजे, मुलाच्या कामाचे नमुने जमवून ठेवले पाहिजेत, आणि वर्षाअखेर एखाद्या पात्र शिक्षकाने ते पाहून, मुलाशी बोलून, शिक्षण योग्य चालले आहे असे लिहून दिले पाहिजे. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या वर्षी एक लेखी चाचणीही असते. म्हणजे सरकार अगदीच डोळे मिटून बसलेले नाही.

मग एके दिवशी मी सकाळी जाऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसले. नाश्त्याच्या बशा उचलल्या गेल्या, टेबल पुसले गेले आणि शाळा भरली. घंटा नाही, फळा नाही, "उभे राहा, बसा" नाही. आईने एक जाडजूड पुस्तक उघडले आणि हॅनिबलची गोष्ट वाचायला घेतली. कार्थेजचा हा सेनापती हत्ती घेऊन आल्प्स पर्वत ओलांडायला निघाला होता आणि वाटेत ऱ्होन नदी आडवी आली होती. पंधरा मिनिटे वाचून तिने पुस्तक मिटले आणि नऊ वर्षांच्या मुलाला म्हणाली, "सांग आता." झाले! पुढे प्रश्न नाहीत, रिकाम्या जागा नाहीत, जोड्या लावा नाही. मुलगा सांगू लागला. हत्ती पाण्याला बिचकत होते. मग शिपायांनी मोठमोठे तराफे बांधले आणि त्यांच्यावर माती पसरली. हत्तींना वाटले आपण जमिनीवरच आहोत. तराफा हलला तेव्हा बिचारे घाबरले. हे सांगताना तो स्वतःच हत्ती झाला होता. नदीचे नाव त्याने चुकीचे सांगितले. माझा लाल शाईचा हात शिवशिवला. आई मात्र स्वस्थ होती. त्याचे पुरे झाल्यावर त्याची मोठी बहीण म्हणाली, "नदीचं नाव ऱ्होन," आणि दोघेही नकाशावर ती शोधायला पळाली.

सांगताना मुलाला किती कामे करावी लागतात पाहा. लक्ष देऊन ऐकणे, क्रम लावणे, शब्द निवडणे, गाळायचे ते गाळणे. आमच्या कीर्तनाला जाऊन आलेल्या आज्या रात्री अंगणात बसून साऱ्या वाड्याला आख्यान जसेच्या तसे सांगत, ते हेच. त्यांना कुणी गुण दिले नाहीत, पण त्यांचे एकही आख्यान विसरले नाही.

ही रीत कुठली, म्हणून मी विचारले तेव्हा शेजारणीने शार्लट मेसन हे नाव सांगितले. ही बाई इंग्रज. जन्म १८४२, मृत्यू १९२३. गंमत म्हणजे घरातल्या शिक्षणावर आयुष्यभर लिहिणाऱ्या या बाईला स्वतःचे असे घर फारसे लाभलेच नाही. आईबाप तिच्या तरुणपणापूर्वीच गेले; लग्न तिने केले नाही. पोटासाठी शाळेत शिकवले, आणि शिकवता शिकवता मुलांकडे नीट पाहिले. १८८६ साली तिचे 'होम एज्युकेशन' हे पुस्तक निघाले. पुढे इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात अँबलसाइड या गावी १८९२ साली तिने मुलांना घरी शिकवणाऱ्या बायकांसाठी एक विद्यालय काढले. टपालाने चालणारी तिची शाळाही होती. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका पोष्टाने घरोघर जात. आईबापांसाठी तिने मासिक चालवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे नाव जवळजवळ विस्मरणात गेले होते. १९८४ साली सुसान शेफर मॅकॉले या बाईंच्या 'फॉर द चिल्ड्रन्स सेक' या पुस्तकाने ते पुन्हा वर आणले, आणि अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांनी ते उचलून धरले.

मेसनबाईंच्या पद्धतीतल्या पुष्कळ गोष्टी ऐकताच पटाव्यात अशा आहेत. सहा वर्षांपर्यंत पुस्तकी धडे नाहीत. लहानांचा धडा पंधरा-वीस मिनिटांचा, म्हणजे लक्ष पांगण्यापूर्वी संपणारा. माहितीचा चोथा भरलेली क्रमिक पुस्तके नकोत. ज्याला विषयाचा लळा आहे अशा माणसाने लिहिलेली जिवंत पुस्तके हवीत. दुपारनंतर मुले मोकळी, शक्य तितकी उघड्या हवेत. प्रत्येकाची एक निसर्गवही, जे डोळ्यांनी पाहिले तेच तीत काढायचे. बक्षिसे आणि वरचे नंबर यांच्या लालचीने शिकवायचे नाही, कारण मनाला ज्ञानाची भूक असतेच. चटणी-लोणच्याशिवाय जेवणार नाही असे मूल आपणच बनवतो.

पण मला सर्वांत थबकवले ते तिच्या आणखी एका सूत्राने. मूल जन्मतःच एक पुरते माणूस असते, ही तिची पहिली ओळ. त्यातून निघणारी गोष्ट अशी, की त्या माणसाच्या आत घुसण्याचा अधिकार आईबापांनाही नाही. भीती दाखवून नाही आणि, नीट ऐका, प्रेमाची भीड घालूनही नाही. "मी तुझ्यासाठी एवढं करते आणि तू माझं एवढंही ऐकत नाहीस?" हे आपल्या साऱ्या आयांचे ब्रह्मास्त्र. मेसनबाईंनी ते शंभर वर्षांपूर्वीच काढून घेतले. ती स्वतः पक्की ख्रिस्ती होती. मूल देवाचे आहे म्हणूनच ते माझ्या मालकीचे नाही, असा तिचा सारा विचार. श्रद्धेतून असाही अर्थ निघू शकतो, हे मला नवे होते.

कारण श्रद्धेतून याच्या उलट अर्थही निघतो. मेसनबाईंच्या दीडशे वर्षे आधी इंग्लंडातच एपवर्थ गावच्या पाद्र्याच्या घरी सुझाना वेस्ली या बाईने आपल्या मुलांची शाळा चालवली. तिला एकोणीस मुले झाली, दहा जगली. सकाळी तीन तास, दुपारी तीन तास, मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्या दिवशी त्याला बसवायचे आणि त्या एका दिवसात मुळाक्षरे शिकवायची! दोघींना म्हणे दीड दिवस लागला, तर त्या मंद ठरल्या. मुळाक्षरांनंतर लगेच बायबलातले उत्पत्तीचे पहिले वचन. मुलाचा हट्ट, किंबहुना त्याची इच्छाच, लहानपणी मोडून काढली पाहिजे, हे तिचे मत तिने १७३२ सालच्या पत्रात निःसंकोच लिहिले आहे. असे असूनही तिला निव्वळ कठोर म्हणून निकालात काढता येत नाही. आठवड्यातली एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलाशी एकटीने बोलण्यासाठी राखून ठेवली होती. मुलींना नीट वाचता येईपर्यंत कामाला जुंपायचे नाही, हा अठराव्या शतकातला तिचा नियम तर आपल्याकडे विसाव्या शतकातही पुष्कळ घरांना जमला नाही. जॉन वेस्ली आणि चार्ल्स वेस्ली हे तिचेच मुलगे. एकाने मेथडिस्ट पंथ उभा केला, दुसऱ्याने हजारो भजने रचली.

जॉन आपल्या आईच्या शाळेतून काय घेऊन गेला? शिस्त घेऊन गेला, हे खरेच. पण पुढे मोठेपणी त्याने चर्चच्या चार भिंती सोडून उघड्या माळावर खाणकामगारांना उपदेश केला, तो काही इच्छा मोडलेल्या मुलाचा उद्योग नव्हे. मला वाटते, सहा तासांच्या शाळेपेक्षा गुरुवारची ती आईबरोबरची संध्याकाळ त्याला अधिक पुरली असावी.

श्रद्धाळू घरातल्या शिक्षणाची खरी कसोटी असते ती मुलाने गैरसोयीचा प्रश्न विचारला म्हणजे. शेजारच्या घरी ती वेळ माझ्यासमोर आली. तेरा वर्षांची मोठी मुलगी ताऱ्यांवरचे पुस्तक वाचत होती. देवयानी तारकासमूहातली जी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना धूसर डागासारखी दिसते, तिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो, असे त्यात होते. अमेरिकेतल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत पृथ्वीचे वय सहा हजार वर्षांच्या आसपास मानतात. जेम्स अशर नावाच्या आयर्लंडच्या आर्चबिशपने १६५० साली बायबलातल्या वंशावळी जुळवून सृष्टीचा जन्म इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी ठरवला होता, त्याच्याच जवळचा हा हिशेब. मुलीने पुस्तकातून डोके वर काढले आणि सरळ विचारले, "आई, सहा हजार वर्षांच्या जगात पंचवीस लाख वर्षांचा प्रकाश आला कुठून?"

टेबलावर क्षणभर शांतता पसरली. मी परकी बाई. खिडकीबाहेर पाहू लागले. वास्तविक त्या आईपाशी उत्तरे तयार होती. अशा घरांसाठी छापलेल्या पुस्तकांत या प्रश्नाला बांधेसूद उत्तरे असतात. तिने त्यांतले एकही दिले नाही. म्हणाली, "मला ठाऊक नाही. ख्रिस्ती माणसांतच याबद्दल दोन मतं आहेत. आपण दोन्ही वाचू." आणि त्याच संध्याकाळी मुलगी गावच्या वाचनालयातून चार पुस्तके घेऊन आली. त्यांतली दोन तिच्या चर्चमध्ये कुणाच्या हाती दिसली असती तर भुवया उंचावल्या असत्या.

नंतर कॉफी पिताना मी न राहवून विचारले, की मुलगी वाचता वाचता भलतीकडे गेली तर, याची भीती नाही वाटत? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, की रोज वाटते. पण वाचणाऱ्या मुलीला प्रश्न पडू नयेत असे वाटत असेल, तर तिला वाचायला शिकवायलाच नको होते. आणि जो देव एका प्रश्नाने पळून जाईल, तो मी तिला देऊ तरी कशाला?

प्रत्येक घरात असे उत्तर मिळत नाही. तारा वेस्टओव्हर या लेखिकेचे 'एज्युकेटेड' हे आत्मचरित्र २०१८ साली निघाले. आयडाहोच्या डोंगरातल्या कट्टर मॉर्मन घरात ती वाढली. घरी शिक्षण चालले आहे असे म्हणायचे. प्रत्यक्षात वडिलांच्या भंगाराच्या अंगणात काम करायचे. वर्गात तिने पहिले पाऊल टाकले ते सतराव्या वर्षी, कॉलेजात. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंचा संहार झाला होता, हा शब्दच तिने तोवर ऐकला नव्हता. पुढे ती केंब्रिजची डॉक्टरेट झाली, हा तिच्या जिद्दीचा भाग. तिथे किल्ल्या होत्या त्या भीतीच्या कमरेला. घराला शाळा करणे सोपे असते, आणि घराला कोंडवाडा करणेही तितकेच सोपे. बाहेरून दोन्हींचे दार सारखेच दिसते.

आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. या टेबलाची किंमत बहुधा आईच मोजते. माझी ती शेजारीण पूर्वी परिचारिका होती. नोकरी तिने सोडली होती, आणि वर्षाचे एकशे ऐंशी दिवस तीच शिक्षिका, तीच स्वयंपाकीण, तीच शिपाई होती. नोकरी करणाऱ्या बाईने हे पाहून लगेच आपली शाळा घरी आणावी, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः आणलेली नाही. पुण्या-मुंबईत हल्ली काही कुटुंबे मुलांना घरी शिकवतात आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत दहावीला बसवतात. ज्यांना जमते त्यांनी खुशाल करावे. माझा मुद्दा घरी शिकवण्याचा नाही. शिकण्याची गोडी राखणाऱ्या घराचा आहे.

अशी घरे आपल्या मराठी मुलखाला अगदीच अनोळखी नाहीत. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, आणि गंगामूळच्या रानात जन्मलेल्या, पुढे गावोगाव यात्रेत वाढलेल्या मुलीला तिच्या आईने ते शिकवले. शाळा नाही, इमारत नाही. आईच्या तोंडून ऐकायचे आणि आपल्या तोंडाने सांगायचे. ती मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला सरस्वती म्हटले. १८८३ साली इंग्लंडात ती ख्रिस्ती झाली. पुराणिक बापाने आपल्या धर्मासाठी दिलेल्या विद्येच्या बळावर ती बापाला स्वप्नातही दिसले नसते अशा ठिकाणी पोहोचली, आणि अखेरीस हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर करीत बसली. ज्यांना हे धर्मांतर रुचत नाही त्यांनी रमाबाईंकडे रागाने पाहावे, ज्यांना रुचते त्यांनी अभिमानाने. मला तिथे घरच्या शिक्षणाचा अटळ नियम दिसतो. मुलाच्या हाती किल्ली दिली, की ती फक्त आपल्याला हव्या त्याच कुलपाला लागेल, असे सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. रेव्हरंड टिळकांनीच त्यांना घरी अक्षरओळख करून दिली. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले आणि दहा-अकरा अध्याय झाले तोच १९१९ साली ते गेले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लिहून ते काव्य पुरे केले लक्ष्मीबाईंनी. 'स्मृतिचित्रे' लिहिली ती मात्र अगदी त्यांची स्वतःची, टिळकांच्या छायेतलीही नव्हे. घरी शिकलेली एक आपल्या गुरूची वाट सोडून गेली, दुसरीने गुरूची वाट पुरी केली आणि स्वतःचीही वेगळी काढली. दोघींना शिकवणाऱ्यांनी यातले काहीच ठरवले नव्हते.

'स्मृतिचित्रे' मी वर्गात शिकवते. अमेरिकेहून आल्यावर एकदा बी.ए.च्या वर्गात एक प्रकरण मोठ्याने वाचले, पुस्तक मिटले आणि म्हटले, "सांगा आता." सगळ्या वर्गावर शुकशुकाट! शेवटी मागच्या बाकावरून एक हात वर आला. "मॅडम, हे किती मार्कांना आहे?" मुलगा वात्रट नव्हता, अगदी प्रामाणिक होता. बारा-पंधरा वर्षे त्याला हेच तर शिकवले होते. आपण सुशिक्षित मध्यमवर्गीय माणसे त्या अमेरिकन श्रद्धाळूंना हसतो, की पाहा, देवाच्या भीतीने मुलांना घरात ठेवतात. आणि आपण? आपलाही एक देव आहे. त्याला आपण टक्केवारी म्हणतो. त्याच्या भीतीने आपण मुलांना सकाळी शाळेत, दुपारी क्लासमध्ये आणि रात्री टेस्ट सिरीजमध्ये ठेवतो, आणि त्याला न रुचणारे पुस्तक मुलाच्या हाती दिसले की आपल्याही भुवया उंचावतात. "हे वाचून काय मिळणार आहे?" हे वाक्य आपल्या किती घरांत रोज बोलले जाते! त्या शेजारणीने देवासमोर म्हटले तेवढे "मला ठाऊक नाही, वाचू या" आपण टक्केवारीसमोर म्हणू शकू का?

तो धीर झाला, तर बाकीचे फार अवघड नाही. नोकरी सोडायला नको, शाळा सोडायला नको. रात्री जेवणानंतर वीस मिनिटे पुरतात. एक चांगले पुस्तक, मोठ्याने वाचलेली चार पाने, मग "सांग आता", आणि ते सांगत असताना आपले तोंड बंद. हे शेवटचे सर्वांत कठीण. मेसनबाई जाणूनबुजून स्वस्थ बसण्याला आईबापांची मोठी कला मानत असे, ते उगाच नव्हे.

आणि ही कला शिकायला दिवाळीच्या सुट्टीसारखा मुहूर्त नाही. आज आपल्या वाड्यांत, चाळींत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत मुले किल्ले करीत असतील. माती कुठली आणावी, दगड कसे रचावेत, पोत्यावर चिखल कसा धरतो, हळीव किती दिवस आधी पेरले म्हणजे तटाखाली हिरवळ दाटते, राजगडाच्या माच्या किती आणि प्रतापगडाचा बुरूज कुणीकडे, यावर तिथे भांडणे जुंपली असतील. त्याला कुणी अभ्यासक्रम नेमलेला नाही, कुणी मार्क देणार नाही. पण इतिहास, भूगोल, गणित आणि शेती यांचा एवढा मन लावून केलेला अभ्यास वर्षभरात दुसरा नसेल. बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात, तो आणू नका. बुरूज वाकडा झाला तर झाला, सरळ करायला जाऊ नका. शिवाजीमहाराजांपेक्षा त्यांचा मावळा उंच दिसत असेल, तर दिसू द्या. हाक आली तर मातीची पाटी मात्र उचलून द्या, आणि मग जिन्याच्या पायरीवर बसून नुसते पाहा.